गाडी मामाची, ठोकली मी: मागून आणलेल्या गाडीचा क्लेम कसा करायचा

गेल्या जूनमधली गोष्ट. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी होती, दादरला. भर पावसात तिला लोकलचे जिने चढायला लावणं जिवावर आलं, म्हणून मुलुंडच्या मामेभावाकडून गाडी मागून आणली. जाताना सगळं नीट. परत येताना एलबीएस मार्गावर, कांजूरमार्ग ओलांडून भांडुपकडे येताना, पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला आणि मी अगदी बघत बघत त्याच्या मागच्या लोखंडी गार्डवर जाऊन आदळले. वेग वीससुद्धा नसेल. टेम्पोला ओरखडा नाही. आमचा बंपर मधोमध चिरला, डावा हेडलॅम्प आत गेला, बॉनेटला पोचा. मागच्या सीटवरून आई एवढंच म्हणाली, "आता मामाला काय सांगणार?"

पुढचे तीन आठवडे मी जे काही केलं त्यातलं निम्मं चुकीच्या क्रमाने केलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर निदान क्रम तरी नीट असावा, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा: इन्शुरन्स गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. मालकाच्या परवानगीने आणि चालू लायसन्सवर तुम्ही गाडी चालवत असाल, तर तुमच्या हातून झालेलं नुकसानही त्याच पॉलिसीत बसतं. पण क्लेम मालकाचाच. सही त्याची, ओटीपी त्याच्या फोनवर, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये सूट म्हणून मिळणारा बोनस जाणार तोही त्याचा. तुम्ही फक्त धावपळ करायची.

१. आधी माणसं, मग फोटो, मग गाडी बाजूला

कोणाला लागलं आहे का ते बघा. लागलं असेल तर हा लेख बाजूला ठेवा: १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स, ११२ ला फोन करून पोलीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे चालकाचं काम आहे, गाडी कोणाची का असेना.

कोणाला लागलं नसेल तर हझार्ड लाइट लावा आणि दोन मिनिटांत फोटो काढा. मागे हॉर्नचा कल्लोळ सुरू होणारच, होऊ द्या. दोन्ही गाड्या एका चौकटीत येतील असा एक फोटो लांबून, दोन्ही नंबरप्लेट, आपल्या गाडीचं नुकसान जवळून आणि समोरच्या गाडीला जिथे लागलं (किंवा लागलं नाही) ती जागा. हा शेवटचा फोटो सगळे विसरतात. मी काढला होता आणि नंतर तोच कामी आला.

मग गाडी बाजूला घ्या आणि वाकून खाली बघा. हिरवं किंवा गुलाबी पाणी टपकत असेल तर कूलंट गळतंय. "घर जवळच आहे, नेऊ चालवत" असं करू नका. गळत्या रेडिएटरवर गाडी पळवून इंजिन गेलं तर ते नुकसान अपघाताचं नाही, तुमच्या हट्टाचं, असं कंपनी म्हणते आणि पॉलिसीत तसं लिहिलेलंही असतं. टो करून न्या. नेहमीच्या खासगी कार पॉलिसीत टोइंगसाठी १,५०० रुपयांपर्यंत मिळतात, पावती तेवढी घ्या.

२. रस्त्यावर जीपे करण्याआधी थांबा

टेम्पोवाला उतरला, गार्डवर हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, दोन हजार द्या आणि विषय संपवा." माझे हात थरथरत होते, मागे ट्रॅफिक तुंबलेला, आई घाबरलेली. मी फोन काढून क्यूआर मागितलासुद्धा. तेवढ्यात पलीकडच्या पानाच्या टपरीवाल्याने त्यालाच विचारलं, "कशाचे रे दोन हजार? दाखव कुठे लागलंय." टेम्पोवाला पुटपुटत निघून गेला.

पॉलिसीच्या अटींत स्पष्ट असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत. दिलेत तर ते तुमचे गेले, कंपनी परत करत नाही.

आता व्यवहाराचं बोलू. समोरच्याच्या गाडीला खरंच चरा पडला असेल आणि हजार-दोन हजारांत मिटणार असेल, तर लोक मिटवतात. मीही मिटवेन. फक्त ते स्वतःचे पैसे समजून द्या आणि "आपसात मिटलं, तक्रार नाही" एवढा व्हॉट्सॲप मेसेज गाडीच्या नंबरासकट त्याच्याकडून घ्या. रक्कम मोठी असेल तर त्याचं नाव, नंबर, त्याच्या पॉलिसीचा फोटो घ्या आणि कंपनीला कळवा. खासगी गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं, पण तो दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो, आठवड्याभरात निकाल लागत नाही. म्हणूनच चूक समोरच्याची असली तरी किरकोळ धडकेत बहुतेक जण आपल्याच पॉलिसीवर दुरुस्ती करून घेतात.

३. मालकाला त्याच तासात फोन करा. पण मालक कोण?

मी दादाला, म्हणजे मामेभावाला, फोन केला रात्री नऊ वाजता. आधी गॅरेज शोधलं, एस्टिमेट काढलं, मनातल्या मनात भाषण तयार केलं आणि मग फोन. दादा गाडीवरून चिडला नाही, उशिरावरून चिडला, आणि त्याचं बरोबर होतं.

शिवाय तेव्हा कळलं की जिला आम्ही सगळे "दादाची गाडी" म्हणतो ती कागदावर मामाची आहे. आरसीवर मामाचं नाव, पॉलिसीवर मामाचं नाव. आणि मामा निवृत्तीनंतर चिपळूणला. आपल्याकडे निम्म्या घरांत असंच असतं: गाडी वडलांच्या नावावर, चालवतो मुलगा, मागून आणतो तिसराच. तेव्हा गाडी घेतानाच आरसीचा आणि पॉलिसीचा फोटो मागून ठेवा. डिजीलॉकरमधली आरसी चालते.

दोन्हींवरची नावं जुळतात का तेही बघा. जुनी गाडी घेतल्यावर आरसी नावावर झाली पण पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली, असं फार होतं. पॉलिसी नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात. त्यानंतर थर्ड पार्टीचा भाग टिकतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

४. पॉलिसीचा कागद वाचा

"गाडीचा इन्शुरन्स आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. कुठला आहे? नुसता थर्ड पार्टी असेल तर तुमच्या बंपरसाठी एक पैसा मिळणार नाही. नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा मिळतो आणि स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओडी, बहुतेक वेळा एकाच वर्षाचा. दुसऱ्या वर्षी ओडी भरायचं राहून जातं आणि पोलिसाने अडवलं तर कागद चालूच दिसतो. त्यामुळे ओडीची तारीख वेगळी शोधा.

मग हे बघा: झिरो डेप आहे का (म्हणजे क्लेम देताना घसारा, वापराने उतरलेली किंमत, कापत नाहीत), एनसीबी (तोच क्लेम न केल्याचा बोनस) किती टक्के आहे, क्लेम केला तरी तो टिकवणारं एनसीबी प्रोटेक्ट घेतलं आहे का, व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला खिशातून भरायचं आपणच कबूल केलेला हिस्सा, किती. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवरही हवी आणि पॉलिसीवरही. मुंबईत हा घोळ घरटी आहे.

आणखी एक. मित्राला "दिवसाचे पंधराशे देतो" असं व्हॉट्सॲपवर लिहून गाडी आणली असेल तर ती उसनी गाडी नाही, भाड्याची झाली. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. पेट्रोल भरून द्या, भाडं देऊ नका.

आणि आपण स्वतः जखमी झालो तर? पॉलिसीत जो १५ लाखांचा अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा. गाडी मागून नेणाऱ्याला तो लागू नाही. मला हे अपघातानंतर कळलं. तेव्हापासून स्वतःचा वेगळा अपघात विमा घेतला आहे.

५. क्लेम करायचा की नाही? कागद-पेन घ्या

लेखातला हा एकच भाग वाचलात तरी चालेल. मी हा हिशेब केला नाही. "इन्शुरन्स आहे ना, मग करा क्लेम" असं म्हणून मोकळी झाले.

मामाची गाडी चार वर्षं पूर्ण झालेली, १,२०० सीसीच्या आतली, झिरो डेप नाही. जीएसटी बाजूला ठेवून बिल साधारण असं होतं:

बंपर, हेडलॅम्प आणि ग्रिल मिळून ११,००० रुपये. हे सगळं प्लॅस्टिक. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के घसारा कापतात. मिळाले ५,५००.

बॉनेट ठोकून सरळ करायची मजुरी ३,०००. मजुरीवर घसारा नाही, पूर्ण मिळाले. (बॉनेट नवं टाकलं असतं तर चार ते पाच वर्षं वयाच्या गाडीच्या लोखंडी भागावर ३५ टक्के कापले असते. म्हणून "नवंच टाकू या" म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला आधी हे विचारा.)

पेंटिंग ८,०००. त्यातला चौथा भाग रंगाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, म्हणजे १,००० गेले. मिळाले ७,०००. काच मात्र कधी फुटली तर लक्षात ठेवा, काचेवर घसारा नसतो.

क्लिपा, स्क्रू वगैरे ३००. यातलं काही मिळालं नाही.

बेरीज झाली १५,५००. त्यातून सक्तीचं डिडक्टिबल १,००० (१,५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,०००). कंपनीने दिले १४,५००. एकूण बिल २२,३००, म्हणजे माझ्या खिशातून ७,८००.

इथपर्यंत वाटतं, बरं झालं, साडेचौदा हजार वाचले. आता दुसरी बाजू. क्लेम न करता वर्ष गेलं की ओडी प्रीमियमवर एनसीबी मिळतो: २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. मामाचा ४५ होता, पुढच्या नूतनीकरणाला ५० झाला असता. एका क्लेमने तो शून्यावर आला. चूक कोणाची होती हे एनसीबीला दिसत नाही, टेम्पोने मला मागून ठोकलं असतं तरी तेच.

ओडीचा मूळ प्रीमियम ७,००० धरला तर पहिल्या वर्षी ३,५०० चं नुकसान. आणि ते एका वर्षात संपत नाही, कारण शिडी पुन्हा खालून चढायची. पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, म्हणजे २,१०० गेले. मग १,७५०, मग १,०५०, मग ३५०. एकूण ८,७५०. गाडीची किंमत उतरते तसा प्रीमियमही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी. तरी साडेचौदा हजारांच्या क्लेममधला खरा फायदा पाच-सहा हजारांचा. आणि हा फायदा माझा, नुकसान मामाचं!

माझं मत असं: कंपनीकडून मिळणारी रक्कम एनसीबीच्या एकूण नुकसानीच्या दुपटीहून कमी असेल तर गाडी ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्या आणि खिशातून भरा. तुम्ही गाडी मागून आणली होती. मालकाच्या बोनसवर तुमची दुरुस्ती होऊ देऊ नका. मालकच "क्लेम कर" म्हणाला, किंवा एनसीबी प्रोटेक्ट असेल, तर गोष्ट वेगळी.

६. कंपनीला कळवणं

क्लेम करायचं ठरलं तर त्याच दिवशी कळवा. ॲपवरून, टोल फ्रीवर, कसंही, पण मालकाच्या नोंदवलेल्या मोबाइलवरून किंवा तो फोन मालकाच्या हातात असताना. मी माझ्या फोनवरून केला. ओटीपी गेला चिपळूणला. मामाला मेसेज उघडता येईना, मामी चष्मा शोधत राहिली, शेवटी मामाने सहाऐवजी दहा आकडी काहीतरी वाचून दाखवलं. ते बँकेच्या हेल्पलाइनचे आकडे होते. तिसऱ्या खेपेला जमलं.

क्लेम नंबर मिळाला की लगेच मालकाला आणि स्वतःला मेसेज करून ठेवा.

आणि इथे सगळ्यात मोठा सापळा. गॅरेजमधला माणूस अगदी आपुलकीने म्हणाला, "मॅडम, चालवत कोण होतं तिथे मामांचंच नाव टाका, सोपं पडतं." अजिबात नाही. सोपं काही पडत नाही. तुम्ही चालवत होता तर तुमचंच नाव, तुमचंच लायसन्स. खोटी माहिती दिली की पूर्ण क्लेम फेटाळायला कंपनीला एवढं एक कारण पुरतं. मामा त्या दिवशी चिपळूणला होता, आणि सर्व्हेअरने (कंपनीच्या वतीने नुकसान तपासणाऱ्याने) "मामा आहेत का? जरा बोलायचं होतं" म्हणून खरंच फोन लावला होता.

तुमचं लायसन्स संपलेलं असेल, किंवा तुम्ही प्यायलेले असाल, तर क्लेमचा विचार सोडा.

७. कागदपत्रं

- क्लेम फॉर्म, पॉलिसीधारकाच्या सहीने (मामाची सही एसटीच्या पार्सलने आली)
- आरसी
- अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याचं लायसन्स, म्हणजे तुमचं
- पॉलिसी
- गॅरेजचं एस्टिमेट, फोटो
- पॉलिसीधारकाचं आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक
- शेवटी मूळ बिल आणि पैसे भरल्याची पावती

कोणी जखमी नसेल आणि फक्त आपल्या गाडीचं किरकोळ नुकसान असेल तर सहसा एफआयआर मागत नाहीत. पीयूसी संपलेली होती म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०२० मध्येच स्पष्ट केलं आहे. कोणी तसं सांगून घाबरवलं तर ऐकू नका.

८. गॅरेज आणि सर्व्हेअर

कॅशलेस हवं असेल तर कंपनीच्या यादीतलं गॅरेज. तिथे कंपनी आपला हिस्सा परस्पर देते, तुम्ही फक्त कापलेली रक्कम भरता. बाहेरच्या गॅरेजमध्ये आधी सगळं तुम्ही भरायचं आणि परतावा जातो पॉलिसीधारकाच्या खात्यात. म्हणजे पैसे मामाकडे आणि मग मामाकडे मागायचे. हा अवघड प्रसंग टाळा, कॅशलेसच घ्या.

सर्व्हे होईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका. लोंबणारा बंपरसुद्धा दोरीने बांधा, काढू नका. ५० हजारांपर्यंतच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर सक्तीचा नाही, त्यामुळे कंपनीचा स्वतःचा माणूस येतो किंवा व्हिडिओ कॉलवरच सर्व्हे होतो. व्हिडिओत चासी नंबर आणि किलोमीटरचा आकडा दाखवावा लागतो, चासी नंबर कुठे कोरलाय ते आधी शोधून ठेवा.

काय झालं ते सर्व्हेअरला सरळ सांगा. रंगवून सांगितलं की गाडीवरच्या खुणांशी जुळत नाही. मामाच्या गाडीच्या मागच्या दरवाजावर जुना ओरखडा होता. गॅरेजवाला म्हणाला, "हाही यातच घालू." सर्व्हेअरने बोटाने ओरखड्यातली धूळ पुसली, गंजाचा तपकिरी ठिपका दाखवला आणि काही न बोलता एस्टिमेटवरची ती ओळ खोडली. मी जमिनीकडे बघत उभी.

बंपर उघडल्यावर आतलं काही तुटलेलं निघालं तर काम थांबवून पुन्हा सर्व्हेअरला दाखवायला सांगा. नंतर बिलात घुसवलेलं मंजूर होत नाही. आणि काम सुरू करण्याआधी कंपनी किती देणार, तुम्ही किती, हे गॅरेजकडून लिहून घ्या.

९. अडकलंच तर

आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय. हे आकडे ईमेलमध्ये लिहिलेत की उत्तर लवकर येतं, हा अनुभव आहे. मग कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, आयआरडीएआयचं तक्रारींसाठीचं विमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ॲनेक्समध्ये आहे. फी नाही, वकील लागत नाही. तक्रार मात्र पॉलिसीधारकाच्याच सहीची. ठाणे आणि नवी मुंबईकरांची हद्द वेगळी, मुंबईच्या काही पूर्व उपनगरांचीही, ती आधी बघून घ्या.

१०. गाडी परत देताना

धुऊन द्या, टाकी भरून द्या, फास्टॅगचे पैसे द्या. बिलाची प्रत आणि क्लेम नंबर ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, कारण नूतनीकरणाच्या वेळी एनसीबी शून्य टाकायचा आहे हे मालकाला आठवायला हवं. चुकून जुना बोनस लावून पॉलिसी घेतली तर पुढचा क्लेम त्यावरून अडकतो.

आणि नूतनीकरणाची तारीख तुमच्या फोनमध्ये टाका. मी टाकली नव्हती. गणपतीत मामाकडे जेवायला बसलो असताना मामी सहज म्हणाली, "या वेळी इन्शुरन्स फार आला गं." तिला कारण माहीत नव्हतं. दादाला होतं, पण तो मोदक खात राहिला. घरी येऊन मी हा हिशेब मांडला आणि दादाला ३,५०० पाठवले. त्याने पाचशे ठेवून बाकीचे परत केले. पाचशे कशाचे ते अजून सांगितलेलं नाही.